आर्वेला पाचव्यांदा नापास होते

आर्वेला टिप्टन पिस्तुलाच्या परवान्याच्या परीक्षेत चार वेळा नापास झाली, हे प्रुइट काउंटीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती का नापास होते, हेही बहुतेकांना ठाऊक होतं. पत्ता नव्हता तो एकाच माणसाला, आणि नेमका तोच परीक्षा घेत होता.

खरं तर टेनेसीच्या आमच्या या कोपऱ्यात पिस्तुलाच्या परीक्षेत नापास व्हायला अंगात कसब लागतं. माणसाची काळी आकृती छापलेला मोठा कागद समोर टांगतात, तोही इतक्या जवळ की रागाने बूट फेकला तरी लागावा. पन्नास गोळ्या मारायच्या आणि त्यातल्या पस्तीस काळ्या रंगात बसल्या की झालं. चष्मा घरी विसरलेले लोक यात पास होतात. एक गृहस्थ तर शिंक आवरत आवरत पास झाले होते. आणि आर्वेलाने सोळाव्या वर्षी, टर्की कोंबडा बक्षीस असलेल्या नेमबाजीच्या शर्यतीत, एका दुपारी तीन टर्की जिंकून घरी नेल्या होत्या. पुढच्या वर्षी पुरुषमंडळींनी ठरवून टाकलं की बाया केकच्या टेबलापाशीच शोभून दिसतात. आर्वेला हसली, केकच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली, आणि त्यानंतर तिच्या नेमाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ज्यांना आठवत होतं ते एकेक करून चर्चमागच्या टेकडीवर जाऊन झोपले. उरली होती ती तिची नणंद डेल्फा, आणि डेल्फाला सगळंच आठवतं, हीच तर तिची खोड.

आर्वेला सदुसष्ट वर्षांची. गावात शर्टांचा कारखाना होता तेव्हा तिथे तिने एकतीस वर्षं कॉलरी शिवल्या. दिवसाला किती कॉलरी, हे विचारलं तर ती डोळे मिटून घ्यायची, कारण कॉलरी अजूनही तिच्या स्वप्नात येत. अर्ध्या इंचाची शिलाई सोडून कडेने सरळ टीप मारायची, टोकाशी थांबायचं, वळायचं, पुन्हा तसंच. कारखाना बंद पडला, नवरा डॉयल गेला, मुलं शहरात गेली. मागे राहिलं डांबरी रस्त्यापासून पाऊण मैल आत असलेलं घर, एक म्हातारी शिकारी कुत्री आणि डॉयलचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर. तिची बहीण जॉर्जियात राहते आणि आर्वेला वर्षातून चारदा एकटी गाडी चालवत तिच्याकडे जाते. म्हणून मुलाने फोनवर पिच्छा पुरवला, "आई, परवाना काढ. आपला परवाना तिकडे चालतो. रस्त्यात काही झालं तर मी इथे बसून काय करू?" मुलाचा जीव शांत व्हावा म्हणून ती फेब्रुवारीत वर्गाला गेली. एका शनिवारचा प्रश्न होता. संध्याकाळपर्यंत पास होऊन परत यायचं, असा साधा सरळ बेत होता.

बेत बिघडवला तो होयट लेडबेटरच्या कॉलरने.

होयट सत्तर वर्षांचा, उंच, जरा वाकलेला. चौतीस वर्षं त्याने खेड्यापाड्यांतून टपाल वाटलं. कुणाला कुणाची पत्रं येतात हे त्याला तोंडपाठ होतं आणि त्यातला एक शब्द त्याने कधी बाहेर पडू दिला नाही. पोटात एवढं साठवून माणूस फुटला कसा नाही, याचंच डेल्फाला नवल वाटायचं. निवृत्त झाल्यावर त्याने सरकारकडून शिक्षकाचं प्रमाणपत्र घेतलं आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी परवान्याचा वर्ग सुरू केला. सकाळी गावच्या आगबंबाच्या शेडमध्ये कायदा, दुपारी स्वतः शिजवलेलं जेवण, मग त्याच्याच शेतामागच्या घळीत चांदमारी. नियमाला तो इतका कडक की सख्ख्या भावाला त्याने चौतीसवर नापास केलं होतं. एक गोळी रेषेला चाटून बाहेर गेली होती. भावाने हातापाया पडून पाहिलं. होयट म्हणाला, "बाहेर आहे." भाऊ पुढची दोन वर्षं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आला नाही, आणि होयटने दोन्ही वर्षं त्याचं ताट मांडून ठेवलं.

तर हा माणूस फेब्रुवारीतल्या त्या सकाळी शर्टाला इस्त्री करून फळ्यापुढे उभा राहिला. इस्त्री त्याने स्वतःच केली होती, कारण त्याची लोरीन जाऊन नऊ वर्षं झाली होती. कॉलरचं एक टोक वर, एक खाली. कडेला भाजल्याचा पिवळा डाग. आर्वेला पहिल्या रांगेत बसली होती. एकतीस वर्षं कॉलरींत घालवलेल्या बाईला ते बघवेना. आधी तिला हसू आलं, मग कणव आली, आणि मग जे आलं ते इतक्या वर्षांनी आलं होतं की तिने ते ओळखायलाही थोडा वेळ घेतला.

होयट कायदा वाचत होता. "कोर्टात नाही. शाळेत नाही. दारावर मनाईची पाटी असेल तिथे नाही. दारू प्यायची असेल तर पिस्तूल घरी, पिस्तूल घ्यायचं असेल तर दारू घरी." त्याचा आवाज पत्ता वाचल्यासारखा एकसुरी होता आणि आर्वेलाला वाटत होतं, याने हे असंच वाचत राहावं.

डेल्फाने हात वर केला. डेल्फाचं गावात केस कापायचं दुकान आहे आणि गप्प बसायची तिला सवय नाही. "होयट, समज, कुणी माझ्या कुत्र्याला लाथ मारली तर?"

"तर कुत्र्याला घरात घ्यायचं, डेल्फा."

"आणि मी?"

"तूही आत जायचं. पिस्तूल भांडणात जिंकण्यासाठी नसतं. दुसरी कुठलीच वाट उरली नाही तर जिवंत घरी येण्यासाठी असतं. वाट असेल तर वाटेने निघून यायचं."

मग जेवण झालं. ठिपक्यांचा घेवडा खारवलेल्या डुकराच्या हाडाबरोबर रात्रभर रटरटलेला, तव्यातला मक्याचा पाव आणि साखर ढवळलेला गार चहा. आर्वेलाने दोनदा वाढून घेतलं. आणि दुपारी घळीत, कानांवर आवाज अडवणारे गोळे चढवून ती रेषेवर उभी राहिली, तेव्हा होयट मागून आला, टोपी काढली आणि म्हणाला, "मॅडम, तुमची हरकत नसेल तर कोपराला हात लावू का? जरा खाली हवा."

हरकत? त्या कोपराची चौकशी वर्षानुवर्षं कुणी केली नव्हती. दोन बोटांनी त्याने कोपर खाली केलं, लगेच हात काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुणी नापास झालं तर वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या महिन्यात परत या, फी नाही. आणि नापास झालेल्याला वर्ग सुटल्यावर तासभर मी वेगळं शिकवतो."

आर्वेलाने हे नीट ऐकलं. काळ्या आकृतीच्या बरोब्बर मध्यावर तिचा नेम लागलेला होता. तिने श्वास घेतला, नेम हलवला आणि पहिली गोळी कागदाच्या पांढऱ्या भागात घातली.

बाईचा हिशेब पक्का होता. फार वाईट मारलं तर होयट म्हणेल, तुम्ही पिस्तुलाला हातच लावू नका. फार चांगलं मारलं तर पास. तिने तीस आत घातल्या, वीस बाहेर. होयटने गोळ्यांची भोकं मोजली, मान हलवली आणि फार हळू म्हणाला, "आशा आहे."

"खरंच?" आर्वेला म्हणाली.

"खूप आशा आहे," होयट म्हणाला.

तो तास त्यांनी होयटच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून काढला. चहा होता. होयटने श्वास कसा धरायचा ते समजावलं. आर्वेलाने तो धरला, आणि तो तर सकाळपासूनच धरलेला होता.

परत येताना डेल्फाने गाडी गावाच्या वेशीवर थांबवली. "तू वीस गोळ्या चुकवल्यास?"

"वय झालं गं."

"वय? अगं, परवा तू खिडकीतून सफरचंद फेकून कावळ्याला उठवलंस. वीस हातांवर होता तो. कावळा अजून आलेला नाही."

"कावळ्याचं वेगळं."

डेल्फाने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर थापा मारल्या आणि ओरडली, "आर्वेला टिप्टन! सदुसष्टाव्या वर्षी!" आणि दोघी तिथे, भर रस्त्यात, गाडी बंद करून इतक्या हसल्या की मागच्या ट्रकवाल्याला वाटलं कुणाला झटका आला.

मार्चमध्ये एकतीस. एप्रिलमध्ये बत्तीस. दर महिन्याला एक गोळी जास्त आत, म्हणजे मास्तरला उत्साह राहावा. होयट वहीत आकडे लिहायचा आणि म्हणायचा, "बघा, हळूहळू, पण सुधारणा आहे." आर्वेला लाजून खाली बघायची. या लाजेत तिचा काही दोष नव्हता, ती आपोआप यायची. घरी जाऊन ती कुत्रीला सगळं सांगायची, एकच गोष्ट दोन-तीनदा. सकाळी उठल्या उठल्या कॅलेंडरवर दुसरा शनिवार शोधायची, जणू तो रात्रीत पुढे सरकला असेल. जमिनीवर पाय ठरत नव्हता म्हणतात ना, तसं झालं होतं, आणि गुडघे दुखत असूनही झालं होतं.

मार्चपासून वर्गात तिला एक सोबती मिळाला. कॉय नावाचा, लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवणारा, दारात मावणार नाही एवढा माणूस. तो खराखुरा नापास होत होता. कॉयच्या गोळ्या कुठे जात हे एक त्या घळीला माहीत. त्याने मे महिन्यात आर्वेलाचा कागद आपल्या कागदाशेजारी धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मिस आर्वेला, मला एक सांगा. माझी भोकं बघा, शिंकल्यासारखी उडालीत. आणि तुमची बाहेरची सतरा बघा. डोक्याच्या कडेने, खांद्याच्या कडेने, दंडाच्या कडेने. सगळी रेषेपासून अर्धा इंच. सगळी. हे चुकणं आहे की शिवणकाम आहे?"

 हे आर्वेलाच्या ध्यानातच आलं नव्हतं. चुकायचं तिने ठरवलं होतं, पण हातांना तसं चुकता येईना. एकतीस वर्षं अर्धा इंच सोडून कडेने टीप मारलेले हात, ते गबाळं काम करायलाच तयार नव्हते. तिने मारलेली प्रत्येक चूक म्हणजे शिलाई सोडलेली कॉलर होती.

"योगायोग," ती म्हणाली.

"असेल," कॉय म्हणाला आणि त्याने डेल्फाकडे पाहिलं. डेल्फा तेव्हा वाढप्याचं काम करायला म्हणून दर वर्गाला यायला लागली होती. ती पास होऊन तीन महिने झाले होते, पण हे नाटक सोडून ती शनिवारी दुकानात कशाला बसेल? तिने कॉयला डोळ्याने दटावलं. कॉयला कळलं. त्या क्षणापासून कॉयही कटात सामील झाला आणि एवढा मोठा माणूस हसू दाबताना कसा दिसतो ते बघण्यासारखं होतं.

होयटला काही दिसलं नाही. तो आत किती आणि बाहेर किती एवढंच मोजायचा. बाहेरची गोळी बाहेर, तिच्यात नक्षी शोधायची नाही, असा त्याचा नियम होता.

पण एप्रिलातच राजधानीत सही झाली होती. एक जुलैपासून राज्यात सरळमार्गी सज्ञान माणसाला कमरेला पिस्तूल लावायला परवाना लागणार नाही. आधीच्या वर्षी संगणकासमोर दीड तास बसून मिळणारा हलका परवाना आलाच होता, त्याने वर्गातली निम्मी माणसं नेली होती. आता उरलेलीही गेली. मे महिन्यात सहा जण आले. राज्याबाहेर जाणाऱ्याला परवाना अजूनही हवाच होता, पण तेवढ्यांसाठी आगबंबाची शेड दिवसभर अडवायची, हे होयटला पटेना. त्याने मेच्या वर्गात टोपी हातात घेऊन सांगितलं, "जूनचा वर्ग शेवटचा."

आर्वेला घरी आली आणि स्वयंपाकघरात उभीच राहिली. जूननंतर दुसरा शनिवार हा नुसता शनिवार होणार होता. ट्रकची फळी नाही, चहा नाही, "सुधारणा आहे" नाही. होयट तिच्या चर्चचा नव्हता, तिच्या रस्त्याचा नव्हता. दुकानात वर्षातून एकदा भेट झाली तर झाली, तेव्हा तो टोपीला हात लावेल आणि पुढे जाईल. असली माणसं आपण होऊन कुणाच्या दारात जात नाहीत. चौतीस वर्षं पत्रपेटीपर्यंत गेलेला माणूस, त्याला पुढची दहा पावलं ठाऊकच नव्हती.

"मग तू सांग त्याला," डेल्फा म्हणाली. ती तिचे केस धूत होती. आर्वेलाची मान मागे टेकलेली, पळून जायची सोय नव्हती.

"काय सांगू? की मी चार महिने तुम्हाला बनवत होते? ज्याने सख्ख्या भावाला एका गोळीसाठी घरी पाठवलं, त्याला सांगू?"

"मग पास हो आणि घरी बस. मरेपर्यंत कुत्रीशी बोल."

"डेल्फा, पाणी गरम आहे."

"असू दे. डोकं जागेवर येईल."

आर्वेलाचे डोळे भरून आले आणि तिने ते साबणावर ढकललं. खोटं बोलणाऱ्या बाईला होयट माफ करणार नाही, हे तिला पक्कं वाटत होतं. खरं सांगितलं तर तो जाणार, नाही सांगितलं तरी जाणार. निदान नाही सांगितलं तर त्याच्या आठवणीत ती एक गरीब, धडपडणारी, सुधारणारी बाई म्हणून तरी राहील. तेवढं तरी राहू दे, असं तिने ठरवलं.

जूनच्या वर्गाला चारच जण होते. एक तरुण जोडपं दुपारी झटपट पास होऊन निघूनही गेलं. मग कॉयने पन्नास गोळ्या मारल्या आणि होयटने दोनदा मोजल्या. छत्तीस. कॉयने डेल्फाला उचलून एक गिरकी घेतली. डेल्फाने त्याच्या टकलावर पळी हाणली.

मग आर्वेला. पाच गोळ्या भरायच्या, मारायच्या, पुन्हा भरायच्या. दहा वेळा. शेवटची वेळ आहे म्हणून तिने जितका लावता येईल तितका वेळ लावला. तेहतीसनंतर चौतीस, हा क्रम तिने मोडला नाही. बाहेरच्या सोळाही शिस्तीत बाहेर. पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि ती वळली तेव्हा तिला वाटलं, झालं, संपलं.

होयट कागद काढायला एकटाच पुढे गेला. पाठ यांच्याकडे करून बराच वेळ उभा राहिला. परत आला तो कानापर्यंत लाल झालेला.

"पस्तीस," तो म्हणाला. "पास. अभिनंदन, मिस आर्वेला."

डेल्फाच्या हातातला मक्याचा पाव खाली पडला.   आर्वेला मोजून चौतीस मारून आली होती. आयुष्यभर मोजून टाके घातलेल्या बाईचा एक टाका चुकणार नाही. तिने कागद मागून घेतला, उन्हात धरला आणि कापड तपासावं तशी नजर फिरवली.

गोळीचं भोक गोल असतं आणि त्याला करडी कड असते. खांद्याजवळ एक भोक होतं, त्याला कड नव्हती. मागच्या बाजूने कागद फाटून उभा राहिला होता. होयटच्या कानामागे पेन्सिल होती, आणि तिचं टोक मोडलेलं होतं.

पहिल्यांदा आर्वेलाला राग आला. खराखुरा, कान तापवणारा राग. "हे भोक माझं नाही," ती म्हणाली.

होयटने कानामागची पेन्सिल काढून खिशात घातली.

"होयट लेडबेटर, मला दयेवर पास करता? मला?"

"मॅडम," होयट म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. मी केलं ते." त्याने खिशातून शिक्षकाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "सोमवारी मी हे नॅशव्हिलला सरकारी कचेरीत पाठवून देतो आणि काय केलं ते लिहून कळवतो. कॉय, तू आणि डेल्फा साक्षीदार आहात. ज्याला पेन्सिलने भोकं पाडावीशी वाटतात त्याने दुसऱ्यांची भोकं मोजू नयेत." मग तो टोपी चुरगाळत राहिला.

आर्वेलाचा राग जसा आला तसा उतरला. तिला भावाचं ते ताट दिसलं, दोन वर्षं मांडून ठेवलेलं. या माणसाने भावासाठी जे केलं नाही ते तिच्यासाठी केलं होतं, आणि आता त्यापायी तो स्वतःला नापास करायला निघाला होता. नाव राखायचं, आठवणीत गरीब बाई म्हणून राहायचं, हे सगळं तिला एकदम फार क्षुल्लक वाटलं.

"कॉय," ती म्हणाली, "नवा कागद लाव."

"मिस आर्वेला, वर्ग संपला," होयट म्हणाला.

"चार वाजायला वीस मिनिटं आहेत. चारला संपतो. कोरा कागद, कॉय. आणि लांब लाव. आणखी लांब."

कॉय कागद घेऊन पळत सुटला. आर्वेलाने कानांवर गोळे चढवले. कोपर तिला हवं तिथे ठेवलं, ते होयटने शिकवलेल्या जागेपासून चांगलं चार बोटं वर होतं. आणि तिने मारायला सुरुवात केली. पाच, भरल्या, पाच, भरल्या. हात घड्याळासारखे चालत होते आणि तिला मनातून उकळ्या फुटत होत्या, भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. पन्नास झाल्या.

कॉयने कागद आणला आणि नुसता दाखवला. काळ्या छातीच्या मध्यावर तळहाताएवढी खिडकी पडली होती, त्यातून पलीकडचं गवत दिसत होतं. बाहेर एकही नव्हती.

होयट मोजायला गेला. मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी त्याने बोट फिरवून पाहिलं, सवयीने.

"हे," तो म्हणाला, "आज जमलं?"

"आज नाही. सोळाव्या वर्षापासून जमतं."

"म्हणजे फेब्रुवारीत..."

"फेब्रुवारीतही जमत होतं. मार्चमध्येही. मी मुद्दाम चुकले, होयट. पाचही वेळा. नापास झालेल्याला तुम्ही तासभर वेगळं शिकवता म्हणालात ना, त्या तासासाठी." तिने एका दमात सांगून टाकलं, कारण दम घेतला असता तर धीर सुटला असता. "मी खोटी वागले. तुम्हाला आता माझ्याकडे बघायचं नसेल तर तसं सांगा, मी समजून घेईन. पण ते कार्ड उचला. माझा निकाल खरा पन्नास आहे, तो लिहा. तुमच्या हातून अजून खोटं काही लिहिलं गेलेलं नाही."

होयट ट्रकच्या फळीवर बसला. त्याने टोपी मांडीवर ठेवली.  डेल्फा देवाचं नाव घेत होती, आणि कॉय डेल्फाचा हात घट्ट धरून उभा होता, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"मला वाटलं तुम्हाला जमतच नाही," होयट शेवटी म्हणाला. "दर शनिवारी वाटायचं, आज ही बाई पास होणार. आणि मी..." तो थांबला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मी रेषेमागे उभा राहून प्रार्थना करायचो, की तुम्ही नापास व्हावं. मी, मास्तर. पाच महिने. चौथ्यांदा नापास झालात तेव्हा मी घरी गाणं म्हणत गेलो. आज शेवटचा दिवस, म्हटलं आता तरी या बाईचं नुकसान नको. माझ्यामुळेच अडकली बिचारी, देव माझंच ऐकतोय. म्हणून ती पेन्सिल."

 आर्वेलाला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना, मग ती टेबलाला धरून वाकली आणि हसता हसता रडायला लागली. होयटने वर पाहिलं. तोही हसला, आवाज न करता, खांदे हलवत.

"पन्नास लिहू?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"लिहा."

त्याने लिहिलं, सही केली, खाली तारीख घातली आणि फॉर्म तिच्याकडे दिला. मग ट्रकच्या फळीवर थोडा सरकून त्याने शेजारी जागा केली.

"चार वाजले, मिस आर्वेला," तो म्हणाला. "वर्ग संपला. आता बसा."